सात वाजताचा भोंगा

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या बाबानगरात पालकांची वर्दळ सुरू होते. खोली, मेस, क्लासची फी हे सारे ठरते आणि शेवटी एक प्रश्न उरतो: मुलाला फोन द्यावा की न द्यावा, आणि द्यायचाच तर कोणता? घरापासून शंभर-दीडशे किलोमीटरवर राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज रात्री ऐकल्याखेरीज आईला झोप येत नाही. तेवढ्यासाठी बटणांचा साधा फोन पुरतो. परंतु सराव प्रश्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, तासांचे चित्रीकरण यूट्यूबवर असते. साधा फोन दिला तर मूल मागे पडेल अशी धास्ती, स्मार्टफोन दिला तर मूल त्यातच हरवेल ही दुसरी.

वर्गात मोबाइल नको, याविषयी आता जगभर बरेचसे एकमत होत आहे. फ्रान्सने २०१८ मध्येच पंधरा वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी तसा कायदा केला. विचलित झालेले लक्ष पुन्हा अभ्यासावर आणण्यास विद्यार्थ्याला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, याकडे युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालाने लक्ष वेधले. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र २०२५ च्या आरंभी सरसकट बंदी अव्यवहार्य ठरवली. फोन शाळेत जमा करून घ्यावा, वर्गात त्याचा वापर नसावा, अशी मध्यम वाट त्या न्यायालयाने सुचवली. ती समंजस आहे. पण शाळा सुटली की तिची बंदीही सुटते, आणि रात्रीचा गृहपाठ धाडताना कित्येक शाळांना तोच फोन हवा असतो!

शाळेबाहेरच्या तासांचे काय करावे, याचे उत्तर शहरांआधी खेड्यांनी शोधले. नांदेडहून पैनगंगा ओलांडून गेले की यवतमाळ जिल्ह्यातला पुसद तालुका लागतो. तेथील बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. आधी समजावणे आणि न ऐकल्यास दंड, असा त्याचा रोख होता. हेतू चांगलाच, परंतु बंधन एकट्या मुलांवर होते. ज्याच्या घरात आजोबांपासून काकांपर्यंत सर्वांच्या हाती फोन आहे, त्या मुलाला हा ठराव न्यायाचा कसा वाटावा?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या कडेगाव तालुक्यातल्या गावाने त्याच वर्षी निराळी रीत धरली. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, ही तेथल्या शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी विषय महिलांच्या ग्रामसभेपुढे नेला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद, आणि तेही साऱ्या घराचे. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी व निवृत्त शिक्षक सुरुवातीला घरोघर फिरून आठवण देत. साडेआठला दुसरा भोंगा होतो. मग ज्याला मालिका पाहायची त्याने खुशाल पाहावी. पुढे लातूरला लागून असलेल्या उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनेही संध्याकाळी अशीच वेळ राखली. मुले अभ्यासाला बसली याचे श्रेय भोंग्याला कमी आणि शेजारी फोन बाजूला ठेवून बसलेल्या आईवडिलांना अधिक द्यावे लागेल.

व्यापारी घराची अडचण येथेच आहे. सायंकाळी सात ही गंजगोलाईतल्या वा वजिराबादेतल्या दुकानात ऐन गिऱ्हाइकीची वेळ. क्यूआर कोडवर जमा झालेली रक्कम, आडतीचा भाव, परगावच्या पार्टीची ऑर्डर, सारे त्या एका पडद्यावर येते. वडील फोनमध्ये धंदा पाहत आहेत की करमणूक, हे मुलाला बाहेरून ओळखता येत नाही. त्याला केवळ खाली झुकलेली मान दिसते. दुसरीकडे, ज्या घरांत चौविहार पाळला जातो तेथे सूर्यास्तापूर्वीच जेवणे आटोपतात. मग दुकान वाढवून वडील येईपर्यंत दोन-तीन तासांची सलग, शांत संध्याकाळ मुलांना मिळते. अभ्यासाला याहून सोयीचा वेळ क्वचितच कुणाला लाभत असेल, आणि रील पाहण्यालाही!

गावाच्या भोंग्याची वेळ बाजारपेठेला मानवणार नाही, हे उघड आहे. ती ज्याने त्याने आपल्या शटरप्रमाणे ठरवावी. सामायिकाला बसणाऱ्या आजीला अठ्ठेचाळीस मिनिटे कोणी हाक मारत नाही, हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक असते. तेवढाच वेळ सुनेने आणि नातवंडांनी फोन कपाटात ठेवून एकत्र काढणे कठीण नाही. रात्री दिवसाचा हिशेब फोनवरच जुळवावा लागतो, तर तो गल्ल्याजवळ बसूनच पुरा करावा. बहुतेकांचे घर दुकानाच्या वरच असते. जिन्याची पहिली पायरी चढण्याआधी फोन खाली चार्जिंगला लावला, तर सकाळी दुकान उघडेपर्यंत तो तेथेच राहू शकतो.