खरखर सेटमध्ये नव्हती

लाइन गेली की खूश होणारा माणूस चिखली तालुक्यात मी एकच पाहिलाय. माझा हा मित्र हॅम आहे, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढलेला. गावात अंधार पडला की हा माडीवर पळतो आणि 12 व्होल्टच्या बॅटरीवर सेट लावतो. त्या वेळी 7 मेगाहर्ट्झचा बँड असा निवांत असतो की लांबचं बारीक बोलणंही कानात शिरतं.

मागच्या पावसाळ्यानंतर मात्र सेट नुसता खरखरू लागला. कुणी बोलत नसलं तरी सिग्नलचा जोर दाखवणारा एस-मीटर सातवर. या मीटरवरचा एक आकडा म्हणजे साधारण 6 डेसिबल. पाचवर येणारं स्टेशन सातच्या खरखरीत बुडणारच. मित्राने आधी सगळे करतात तेच केलं, प्रीअ‍ॅम्प लावला. बोलणं वाढलं, खरखरही तेवढीच वाढली. तालुक्याच्या एका मेकॅनिकने सल्ला दिला, सेटमधली आयएफटी कॉइल फिरवून पाहा. नशीब, त्याने ऐकलं नाही. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने तिच्यातला नाजूक फेराइट गाभा फुटतो, आणि चांगला सेट कायमचा बिघडतो.

मी गेलो त्या रविवारी त्याने अँटेनाची केबलच उपसली. खरखर धाडकन पडली. म्हणजे सेट निर्दोष, घाण बाहेरून येतेय. 7 मेगाहर्ट्झवर बाहेरचा गोंगाट सेटच्या स्वतःच्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त असतो. मग नुसतं वाढवून काय मिळणार? त्याने प्रीअ‍ॅम्प बंद केला, सिग्नल दाबणारा अ‍ॅटेन्युएटर लावला, आरएफ गेन डावीकडे आणला. फिल्टर 2.4 वरून 1.8 किलोहर्ट्झवर घेतला. तेवढ्यानेच पाव हिस्सा गोंगाट कमी. माणसाचा आवाज जरा बसका येतो, पण शब्द कळतो.

मग घराचा मेन स्विच पाडला. काटा तीन आकडे खाली! आता एकेक वस्तू लावत जायचं. टीव्ही, एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर यांनी फार फरक पडला नाही. बॅटरीवरच्या फवारणी पंपाचा चार्जर लावला आणि खरखर होती तशी परत. स्वस्तातले हे चार्जर आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि गाळणीचे भाग वाचवलेले असतात. त्याच्या वायरीला फेराइटच्या रिंगमधून दहा वेढे दिले, बरंच भागलं.

उरली ती टक... टक... टक. सेकंदाला एक. ही झटका मशीन, यात शंका नव्हती. रोही आणि रानडुकरांपायी इकडे वावरावावराला या मशीनची झटका देणारी तार लागलीय. खिशातला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावून आम्ही बांधावरून निघालो. आतल्या फेराइट दांडीचं टोक आवाजाच्या दिशेला आलं की टकटक दबते. तीच आमची होकायंत्राची सुई.

‘‘भाऊ, माह्या वावरात रेडिओ घेऊन कायले फिरून राह्यले?’’ शेजारच्या काकांनी विचारलं. चार खांब पुढे गेल्यावर त्यांना दाखवलं: गाजरगवत तारेला टेकलेलं, एक इन्सुलेटर तडकलेला, आणि ओल्या खांबावर दर सेकंदाला निळी ठिणगी. झटका जनावराला बसायचा सोडून खांबात जिरत होता. काकांनी मशीन बंद केलं, गवत उपटलं आणि त्याच दिवशी इन्सुलेटर बदलला. रेडिओसाठी नव्हे, हरभऱ्यासाठी. थोडी टकटक उरली ती नॉइज ब्लँकरने गिळली. असले छोटे ठोके दाबायलाच तो असतो, सततच्या खरखरीवर त्याचा उपयोग नाही.

यानंतरही मागे एक मंद सळसळ राहतेच. ती लांबच्या विजांची. 20.5 मेगाहर्ट्झवर असल्याच एका सळसळीचा माग काढताना अमेरिकेत कार्ल जान्स्कीला 1933 मध्ये ती आकाशगंगेतून येते असं सांगता आलं होतं. असल्या सळसळीवर कुठलं बटण नाही.

काटा आता तीनवर असतो. फवारणी पंप मात्र दिवसा, सेट बंद असतानाच चार्ज होतो.