रिपोर्टमध्ये न दिसणारं कोलेस्टेरॉल

लिपिड प्रोफाइल हातात आलं की आपण आधी एलडीएल बघतो आणि मग साजूक तुपाच्या बरणीकडे संशयाने. पण मेंदूतल्या कोलेस्टेरॉलचा त्या कागदावर पत्ताच नसतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, तरी शरीरातलं सुमारे 20 टक्के कोलेस्टेरॉल तिथे! त्यातलं बरंचसं चेतातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टणात. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून मेंदू स्वतःपुरतं स्वतःच बनवतो.

प्रौढ वयात हे काम मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींचं. तयार माल एपीओई या प्रथिनावर लादून न्यूरॉनकडे रवाना होतो. जास्त झालं तर? न्यूरॉनमधलं सीवायपी46ए1 हे एन्झाइम त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडतं. मग ते मेंदूबाहेर पडून रक्तात येतं, पुढचं यकृत बघतं. काय नामी सोय आहे!

1993 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या अ‍ॅलन रोझेस यांच्या गटाने एपीओईच्या ई4 प्रकाराचा अल्झायमरशी संबंध दाखवला. म्हणजे संशयित निघाला वाहतूकदारच. 2022 मध्ये एमआयटीच्या संशोधकांना दिसलं, की ई4 असलेल्या मेंदूत मायलिन बनवणाऱ्या पेशींमध्ये कोलेस्टेरॉल भलत्याच जागी साठतं आणि मायलिन कमी पडतं. नीमन-पिक सी या दुर्मिळ आजारात तर कोलेस्टेरॉल पेशीतल्या लायसोसोम या कप्प्यांमध्ये अडकतं, आणि कोवळ्या वयातही टाऊ प्रथिनाच्या अल्झायमरसारख्या गाठी होतात. हंटिंग्टनच्या आजारात उलटं, मेंदूतल्या कोलेस्टेरॉलची निर्मितीच घटते.

ई4 असलेल्या प्रत्येकाला अल्झायमर होतोच असं मात्र नाही. आणि हे वाचून कुणी कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन परस्पर बंद करू नका, ती गोळी हृदयासाठी आहे!