समजून घ्या : ‘ढोरांचा डॉक्टर’ व्हायचे तर किती शिकावे लागते?

चांदूर बाजार : रात्री गाय अडली, म्हैस फुगली की गावात फोन जातो तो ‘डॉक्टर’ला. दुचाकीवर औषधाची बॅग घेऊन येणारा प्रत्येक जण गावासाठी डॉक्टरच असतो. कायद्यासाठी मात्र नाही. दहावी-बारावीनंतर या क्षेत्रात जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी हा फरक आधीच समजून घ्यायला हवा.

पदवी आणि पदविका यात फरक काय?

पशुवैद्यक होण्यासाठी ‘बीव्हीएससी अँड एएच’ ही पदवी लागते. पशुसंवर्धनाचा पदविका अभ्यासक्रम वेगळा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 नुसार स्वतंत्रपणे उपचार करण्याचा आणि जनावराच्या आरोग्याच्या दाखल्यावर सही करण्याचा अधिकार नोंदणीकृत पदवीधराला आहे. पदविकाधारक राज्य सरकारने ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा देऊ शकतो, तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. पदविका घेऊन काम जरूर मिळते. पण तेवढ्याने डॉक्टर होता येत नाही.

अकरावीत कोणते विषय घ्यावेत?

विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. खुल्या प्रवर्गाला त्यात मिळून किमान 50 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. अकरावीत जीवशास्त्र सोडले तर ही वाट तिथेच बंद होते. गणिताची अट नाही.

प्रवेश कसा मिळतो?

‘नीट’च्या गुणांवर. पण अनेक जण इथेच चुकतात. ‘नीट’ दिली म्हणजे अर्ज झाला, असे नाही. राज्यातील शासकीय महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे (माफसू) वेगळा अर्ज भरावा लागतो. एमबीबीएसच्या प्रवेशफेरीचा अर्ज इथे चालत नाही. शिवाय 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यासाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. निकालानंतर दोन्ही संकेतस्थळांवर लक्ष ठेवा. जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअरची तयारी बारावीतच सुरू करा.

महाविद्यालये कुठे आहेत?

विदर्भातील विद्यार्थ्यांना जुने आणि जवळचे म्हणजे नागपूरचे महाविद्यालय. ते 1958 पासून सुरू आहे. मुंबईचे तर 1886 चे. परभणी, उदगीर आणि शिरवळ येथेही पदवीचे शिक्षण मिळते. अकोल्यातील संस्था पदव्युत्तर शिक्षणासाठी ओळखली जाते.

किती वर्षे, काय शिकवतात?

साडेपाच वर्षे. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता, म्हणजे दवाखान्यात व गोठ्यावर प्रत्यक्ष काम. शरीररचना, औषधशास्त्र, परजीवीशास्त्र, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र, पशुआहार असे विषय असतात. माणसाचा डॉक्टर एकाच प्राण्याचे शरीर शिकतो. इथे गाय, म्हैस, शेळी, घोडा, कुत्रा, कोंबडी असे सगळेच शिकावे लागते. आणि यातला एकही रुग्ण कुठे दुखते ते सांगत नाही.

पुढे काय?

पदवीनंतर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते. मग खासगी दवाखाना, दूध संघ, कुक्कुटपालन, औषध कंपनी असे पर्याय आहेत. सरकारी सेवेत पशुधन विकास अधिकारी हे गट-अ चे पद एमपीएससीमार्फत भरले जाते. दोन वर्षांची ‘एमव्हीएससी’ करून प्राध्यापक किंवा संशोधक होता येते.

आपल्या भागात गरज किती?

2022 मध्ये ‘लम्पी’ने वऱ्हाडातले गोठे हादरवले, तेव्हा वेळेवर निदान आणि लसीकरण म्हणजे काय, हे शेतकऱ्यांनी अनुभवले. पूर्णेच्या खोऱ्यातली फिकट रंगाची पूर्णाथडी म्हैस आज देशाच्या नोंदणीकृत जातींच्या यादीत आहे. ती टिकवायची तर तिला ओळखणारा आणि अर्ध्या रात्री गोठ्यात येणारा डॉक्टर लागेल. गोठ्यात वाढलेल्या पोराला किंवा पोरीला जनावराची भीती नसते, हे मोठे भांडवल आहे. बाकीची वाट अकरावीच्या विषयांपासून सुरू होते.