घरातली वेल : थोड्या पाण्यात, थोड्या उजेडात



आपल्या शाळेच्या कार्यालयात खिडकीवर बाटलीत एक हिरवी वेल आहे. तिचे नाव मनीप्लँट. मागच्या पावसाळ्यात बाईंना विचारून मी तिचा तुकडा घरी नेला. तो पाहून आजी म्हणाली, "अवं, प्याले पानी नाई, आन् तू येलीले कोठून घालशीन?"

आजीचे खरेच होते. आमचे गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातले. बोअरचे पाणी खारट आणि नळ काही रोज येत नाही. तेव्हा मी ठरवले, की प्यायच्या पाण्याला हात न लावता वेल जगवून दाखवायची. ते कसे जमले आणि कुठे चुकले, ते आज सांगते.

आधी वेल वर कशी चढते ते पाहू. वेलीचे खोड नाजूक असते. त्याला आधार लागतो. कारले, दोडके, काकडी यांना स्प्रिंगसारखे ताणे असतात. ते काडीला गुंडाळतात. वाल, गोकर्ण, गुळवेल यांचे खोडच आधाराला वळसे घालते. मनीप्लँट आणि विड्याच्या पानाची वेल पेरापेराला लहान मुळे फोडून भिंतीला नाहीतर झाडाला चिकटतात.

इंग्लंडचे शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन आजारपणामुळे खोलीत पडून होते, तेव्हा त्यांनी हॉप नावाच्या वेलीची कुंडी खोलीतच ठेवून घेतली आणि रात्रंदिवस तिच्याकडे पाहिले. वेलीचा शेंडा आधार शोधत गोल गोल फिरतो, आणि गरम हवेत साधारण दोन तासांत एक फेरा पुरा करतो, असे त्यांना दिसले. वेलींवरचा त्यांचा निबंध १८६५ साली आला आणि १८७५ साली त्याचे पुस्तक झाले. मीही ओसरीत डब्यात वाल लावून पाहिला. सकाळी शेंडा भिंतीकडे होता, जेवायच्या सुट्टीत घरी आले तर दाराकडे!

आता घरात कोणती वेल लावावी? घर पाहून वेल निवडावी. ज्या जागी दिवसा दिवा न लावता पुस्तक वाचता येते, तिथे मनीप्लँट जगते. कारले, गोकर्ण यांना कडक ऊन लागते. त्यांना अंगणात नाहीतर कुंपणावर लावा, घरात ती फिकी पडून लांबतात. विड्याच्या वेलीला सावली आणि ओलावा दोन्ही पाहिजे. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीकडे पानमळे आहेत. पानमळ्यात ही वेल शेवरी, पांगारा यांच्या आधाराने आणि सावलीत वाढवतात. आपल्याकडच्या उन्हाळी झळा तिला सोसत नाहीत. घरात लावायचीच तर माठाजवळच्या गारव्यात लावावी. सगळ्यांत स्वस्त वेल रताळ्याची. एकादशीला आणलेले एक रताळे ठेवून द्या. त्याला तीन काड्या टोचून पेल्यावर असे टेकवा, की खालचा अर्धा भाग पाण्यात राहील. खाली मुळे आणि वर कोंब फुटतात. रताळ्यात साठवलेल्या अन्नावर ही वेल कित्येक दिवस वाढते. तिला मात्र दाराजवळचा चांगला उजेड द्यावा.

मनीप्लँट लावताना मी पहिली चूक केली. नुसते पान देठासकट बाटलीत ठेवले. ते हिरवे राहिले, पण नवा कोंब काही येईना. बाई म्हणाल्या, "अगं, कोंब पेरातून येतो. पेर कुठे आहे?" मग पेर असलेला, दोन-तीन पानांचा तुकडा घेतला. एक पेर पाण्यात बुडवले, पाने वर ठेवली. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळे दिसली.

बाटलीतली वेल डब्यात लावायची, तर डब्याला खाली खिळ्याने भोके पाडा आणि त्यांवर खापरीचे तुकडे ठेवा. आपली काळी माती एकटी वापरू नका. ती पाणी धरून बसते आणि मुळे सडतात. एक भाग काळी माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेले शेणखत असे मिसळा. बोटाचे पहिले पेर मातीत खुपसून पाहा. ओले लागले तर पाणी घालू नका. मनीप्लँट तहानेने मरते त्याहून जास्त पाण्याने मरते.

पाणी कोणते? मी एकदा बोअरचे घातले. काही दिवसांत पानांची टोके तपकिरी झाली आणि मातीवर पांढरा थर आला. ते मीठ होते. तेव्हापासून मायने तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी मी वेलीसाठी धरते. पावसाळ्यात टिनावरून पडणारे पाणी बादलीत साठवते. रोजचे नाहीच, दोन-चार दिवसांनी एक पेला पुरतो. मे महिन्यात वेलीचा शेंडा टिनाला लागला आणि उष्णतेने वाळला. तेवढा भाग कापला, तर खालच्या पेरातून नवा कोंब फुटला.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. एक, बाटलीतल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्याला पाणी बदला आणि बाटली आतून घासा. जुने पाणी तुळशीला घाला. दुसरे, मनीप्लँट ही अळूच्या कुळातली आहे. कच्चे अळू जसे घशाला खाजते, तसेच हिचे पान चावल्यास तोंडाची आग होते, सूज येते. दोघींतही सुईसारखे बारीक खडे असतात. रांगते मूल आणि शेळी यांच्यापासून ही वेल उंच ठेवा.

लोक म्हणतात, मनीप्लँट चोरून आणली तरच जगते आणि घरात पैसा येतो. मी मागून आणली, तरी ती जगली. पैसा काही आला नाही. पण आमच्या घरात भर उन्हाळ्यात एक हिरवी वस्तू होती. आजी आता स्वतःच बोट खुपसून माती पाहते आणि मला सांगते, "आज नको घालू वं, ओली हाय."

वर्गाच्या खिडकीत तुकडे लावलेल्या बाटल्या ठेवल्या आहेत. ज्यांना पाहिजे त्यांनी मागावे आणि न्यावे. पुढच्या वर्षी तुमच्या वेलीचा एक तुकडा शाळेला आणून द्या, म्हणजे झाले.

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी