तेरा आकड्यांचं नाव

ठाकुर्ली स्टेशनातून बाहेर पडून चोळेगावाकडे किंवा नव्वद फुटी रस्त्याकडे वळा. वाटेतल्या किराणा दुकानांत घरगुती भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांची पाकिटं असतात. पाकीट साधं, वर कागदी लेबल, त्यावर करणाऱ्या बाईंचा फोन नंबर. दुकानदार किंमत वाचतो, पैसे घेतो, संपलं. हेच पाकीट मॉलच्या फळीवर न्यायचं म्हटलं की पहिली विचारणा बारकोडची होते. मग घाईघाईत कुठूनतरी रेषा मिळवून लेबलावर छापल्या जातात. कुठल्या रेषा, हा प्रश्न मागेच राहतो. हाताची चव असलेला माल या एका प्रश्नावर अडू नये, म्हणून हा लेख.

बारकोड म्हणजे आधी एक आकडा. रेषा ही त्या आकड्याची लिपी. लिप्या अनेक आहेत, आणि कुठली निवडायची हे माल कुठे आणि कोण वाचणार यावर ठरतं. सुपरमार्केटच्या काउंटरवर चालते ती ईएएन-१३. तिची मोठी बहीण अमेरिकेतली यूपीसी. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी च्युइंगगमच्या एका पाकिटावर ती पहिल्यांदा वाचली गेली.

ईएएन-१३ मध्ये तेरा आकडे. आपल्याकडे ते जीएस-१ इंडिया ही संस्था देते. केंद्रीय वाणिज्य मंत्रालय आणि उद्योगसंघटना यांनी मिळून ती १९९६ साली उभी केली. सुरुवातीला ८९०, मग उत्पादकाचा क्रमांक, मग वस्तूचा, आणि शेवटी एक राखणदार आकडा. हा राखणदार कसा निघतो ते करून पाहण्यासारखं आहे. ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. एक सोडून एक, म्हणजे ८, ०, २, ४, ६, ८ यांची बेरीज २८. उरलेल्यांची, ९, १, ३, ५, ७, ९ यांची ३४. तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढच्या दहाच्या पटीला जेवढं कमी पडेल तो तेरावा आकडा. इथे काहीच कमी नाही, म्हणून शून्य. कुठलाही एक आकडा चुकला तर हा राखणदार ओरडतोच. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुधा पकडतो. फक्त १ आणि ६ किंवा २ आणि ७ अशा पाचाच्या फरकाच्या जोड्या त्याच्या हातून निसटतात.

मला या लिपीतलं सर्वांत सुंदर वाटतं ते वेगळंच. तेरापैकी पहिला आकडा रेषांत काढलेलाच नसतो! अमेरिकेची लिपी बारा आकड्यांची होती. युरोपला तेरावा हवा होता, पण रेषांची जागा वाढवायची नव्हती. म्हणून डाव्या बाजूच्या सहा आकड्यांना दोन-दोन वळणं दिली. कुठल्या आकड्याला कुठलं वळण दिलं, त्या क्रमावरून यंत्र पहिला आकडा ओळखतं. आपल्या ८९० मधला ८ असा न लिहिता वाचला जातो.

दिवाळीच्या सुमारास फोनवर निरोप फिरतात, ८९० पाहा आणि भारतीयच माल घ्या. कळकळ खरी, माहिती चुकीची. ८९० म्हणजे आकडा भारतातल्या संस्थेने दिला, एवढंच. माल कुठे बनला ते त्यावरून कळत नाही. किंमतही रेषांत नसते. ती दुकानाच्या संगणकात असते आणि आकडा सांगितला की तिथून बिलावर उतरते.

म्हणून दर वस्तूला वेगळा आकडा लागतो, आणि दर वजनालाही. शंभर ग्रॅम मेतकूट आणि अडीचशे ग्रॅम मेतकूट यांचं नाव एक असून चालत नाही. बचत गटाने आकडे घेण्याआधी कागदावर सगळे जिन्नस आणि सगळी वजनं लिहून काढावीत. यादी वाटते त्यापेक्षा लांब निघते. नेटवर स्वस्तात विकले जाणारे आकडे बहुधा दुसऱ्याच कुणाच्या नावावर असतात. मोठं दुकान पडताळायला बसलं की परकं नाव उघडं पडतं.

माल आपल्याच दुकानात विकायचा असेल तर एवढा खर्च कशाला? २ पासून सुरू होणारे आकडे दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत. सुटी डाळ तोलून चिकटवलेलं लेबल त्यातलंच. पाकिटं खोक्यात भरून कल्याणच्या ठोक व्यापाऱ्याकडे पाठवायची असतील तर खोक्यावर आयटीएफ-१४, जाड रेषांची आणि भोवती काळी चौकट असलेली, कारण खरखरीत पुठ्ठ्यावर बारीक रेषा फिसकटतात. तिचे आकडे चौदा, आणि अन्नपरवान्याचा क्रमांकही चौदा आकडीच असतो. या दोन्हींची गल्लत करू नये. ईएएन-८ फक्त चिमुकल्या वस्तूंसाठी. क्यूआर छापून त्यामागे नुसता वेबसाइटचा पत्ता दिला, तर काउंटरला त्यातून वस्तूचं नाव मिळत नाही. तो आकडा पोटात घेणारे नवे क्यूआर येत आहेत आणि २०२७ अखेर काउंटरांनी ते वाचावेत असा जीएस-१चा प्रयत्न आहे. तोवर रेषा सोडू नयेत.

छपाईत मात्र फार माल अडतो. पूर्ण मापाचा ईएएन-१३ दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसह ३७.२९ मिलिमीटर रुंद असतो, आणि ऐंशी टक्क्यांपेक्षा लहान करायचा नसतो. ती कोरी जागा सजावटीसाठी नाही. यंत्राला सुरुवात तिथूनच सापडते. काउंटरच्या यंत्राचा प्रकाश लाल असतो, म्हणून पांढऱ्यावरच्या लाल रेषा त्याला दिसतच नाहीत. आपली पाकिटं हौसेने कुंकवाच्या रंगात रंगवलेली, आणि पारदर्शक पिशवीत मागून मसाला दिसतो. दोन्ही ठिकाणी पांढरा चौकोन टाकून त्यावर काळ्या रेषा हव्यात. लोणच्याच्या बारीक बरणीवर रेषा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या असाव्यात, नाहीतर कडेच्या रेषा गोलाईत मागे वळतात. तेल लागलं की थर्मल लेबल पुसट होतं.

ठाकुर्ली रेल्वेचं गाव. जीआयपी रेल्वेने विजेच्या गाड्यांसाठी बांधलेलं चोळा पॉवर हाऊस इथलंच. म्हणून रेल्वेची गोष्ट सांगायला हवी. किराण्याच्याही आधी, १९६७ पासून, अमेरिकेतल्या मालडब्यांवर रंगीत पट्ट्यांची खूण लावू लागले होते. पट्ट्यांवर काजळी आणि चिखल बसला, यंत्रं चुकू लागली आणि दहा-अकरा वर्षांत ती पद्धत मोडीत निघाली. आकड्यांत काही चूक नव्हती.

हजार पिशव्या छापायला टाकण्याआधी एक नमुना काढावा. त्यात चिवडा भरावा, पिशवी चिकटवावी, ती फुगू द्यावी, आणि मग ओळखीच्या दुकानात काउंटरवर धरावी. फोनने वाचून समाधान मानू नये. फोनचा कॅमेरा लाल रेषाही वाचतो. पिशवी दहा वेळा, वाकडीतिकडी, उलटी धरून पाहावी. चार वेळा आवाज आला नाही तर लेबल पुन्हा काढावं.