गठ्ठा आला म्हणजे दप्तर झालं असं नाही

अकलोलीच्या गरम कुंडांबद्दल दोन गोष्टी सांगतात. वज्रेश्वरी देवीने मारलेल्या दैत्यांचं रक्त अजून निवलेलं नाही, ही एक. जमिनीत खोल मुरलेलं पावसाचं पाणी तिथल्या उष्णतेने तापतं आणि खडकाच्या भेगांतून वर येतं, ही दुसरी. तुम्ही यातलं काहीही मानत असा, कुंडात उतरलं की अंग शेकतंच. मेलिंग लिस्ट एवढी उदार नसते. तिथला गैरसमज तीन महिन्यांनी बिल पाठवतो.

तसं बिल अकलोलीतच, माझ्या मामांच्या ओटीवर आलं. मामा निवृत्त आहेत. नातेवाईक ठाण्यात, पुण्यात, दोघं-तिघं न्यू जर्सीत, असे मिळून पासष्ट. व्हॉट्सॲपवर सुप्रभातच्या फुलांखाली वंशावळीची पानं, यात्रेचा हिशोब, जमिनीच्या जुन्या कागदांची चर्चा सगळं गाडलं जायचं. म्हणून मामांनी एक डोमेन घेतलं, स्वस्तातलं होस्टिंग घेतलं आणि कंट्रोल पॅनेलमधलं मेलिंग लिस्टचं बटण दाबून कुटुंबाची यादी सुरू केली. तीन महिन्यांनी त्यांना पणजोबांच्या भावांची नावं असलेली मेल हवी होती. ती सापडेना.

“मामा, आर्काइव्ह चालू आहे ना?”

“अरे, डायजेस्ट चालू केलंय की! रोज गठ्ठा येतो. मग आर्काइव्ह कशाला? उगाच जागा खाणार. बंद करून टाकलं.”

“डायजेस्ट म्हणजेच आर्काइव्ह”

नाही. डायजेस्ट ही टपाल पोचवण्याची रीत आहे. दिवसभरातली पत्रं एकेक करून न देता पोस्टमनने संध्याकाळी सुतळीने बांधून आणून दिली, एवढंच. गठ्ठा घेणाऱ्याने तो फेकला की संपलं. आर्काइव्ह हे दप्तर असतं: यादीवर आलेल्या प्रत्येक मेलची एक प्रत सर्व्हरवर, तारखेनुसार आणि विषयानुसार लावलेली, उद्या आलेल्या नव्या सदस्यालाही वाचता येईल अशी. दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमध्ये असतात, पण एक चालू केलं म्हणून दुसरं चालू होत नाही. डायजेस्ट हवं की सुट्या मेल, हे ज्याचं तो ठरवतो. आर्काइव्ह ठेवायचं की नाही, हे यादीचा चालक सगळ्यांसाठी ठरवतो.

डायजेस्टची कल्पना जुनी, अर्पानेटच्या काळातली. संगणकांच्या धोक्यांवरचं ‘रिस्क्स डायजेस्ट’ ऑगस्ट १९८५ पासून निघतंय. गठ्ठ्यात एक पत्र कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, याचा साध्या मजकुराचा नमुनाही १९९० मध्ये लिहून ठेवला गेला. दोन पत्रांच्या मध्ये तीस आडव्या रेघांची ओळ येते ती त्यातलीच.

आपल्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर गोव्याचं घ्या. ‘गोवानेट’ ही यादी ऑगस्ट १९९४ मध्ये हर्मन कार्नेरो या अमेरिकेत शिकणाऱ्या गोवेकर तरुणाने सुरू केली. विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे घरच्यांच्या हाती इंटरनेट पडायच्या आधी वर्षभर जगभर पांगलेला गोवेकर ईमेलवर भेटू लागला होता. टेलिफोनच्या तारेवरून मिनिटामिनिटाचे पैसे मोजून मेल उतरवायच्या त्या दिवसांत डायजेस्ट ही चैन नव्हती, काटकसर होती. पण गोवानेटवरचे जुने वाद आज उघडून वाचता येतात ते गठ्ठ्यांमुळे नव्हे. वेगळं आर्काइव्ह राखलं गेलं म्हणून.

“डायजेस्ट म्हणजे सारांश”

‘डायजेस्ट’ म्हटलं की आपल्याला पूर्वीची गोषवारा देणारी मासिकं आठवतात. बहुतेक होस्टिंगवर जे मेलमन नावाचं सॉफ्टवेअर मिळतं, त्याच्या डायजेस्टमध्ये काहीही आटवलेलं नसतं. वर विषयांची यादी आणि खाली सगळी पत्रं पूर्णच्या पूर्ण. आणि गठ्ठा दिवसातून एकदाच येतो असंही नाही. मूळ मांडणीत साठलेला मजकूर ३० किलोबाइटवर गेला की तो लगेच निघतो. गणपतीच्या वर्गणीवरून जुंपली की मामांना दिवसात चार डायजेस्ट यायची, ती याच कारणाने. आकडा वाढवता येतो. गूगल ग्रुप्समध्ये मात्र दोन वेगळे पर्याय आहेत: एकात पंचवीसपर्यंत पूर्ण मेल एकत्र येतात, दुसऱ्यात दीडशेपर्यंत मेलचा खरोखरच गोषवारा.

गठ्ठ्याचेही दोन प्रकार असतात आणि इथे घाई करू नये. एक साध्या मजकुराचा, दुसरा माइम पद्धतीचा. माइममध्ये प्रत्येक पत्र जोडपत्रासारखं शाबूत राहतं. साध्या प्रकारात फोटो, पीडीएफ काढून टाकले जातात आणि त्यांच्या जागी आर्काइव्हमधला दुवा येतो. मराठी माणसाला सगळ्यात जास्त छळणारा प्रकारही इथलाच. मेलमनच्या २.१ या जुन्या मालिकेत इंग्रजी यादीची अक्षरमाला मुळात अमेरिकन आस्की धरलेली आहे, आणि आस्कीत देवनागरी बसत नाही. तेव्हा साध्या डायजेस्टमध्ये आत्याचं लांबलचक पत्र नुसत्या प्रश्नचिन्हांची रांग होऊन येऊ शकतं. काही होस्टिंगवाल्यांनी ही अक्षरमाला बदलून युनिकोडची केलेली असते, काहींनी नसते, आणि ती भाडेकरूच्या पॅनेलमधून बदलता येत नाही. यादी सुरू करण्याआधी ‘ज्ञानेश्वर’ एवढाच शब्द पाठवून डायजेस्टमध्ये तो कसा उतरतो ते पाहावं. प्रश्नचिन्हं आली तर सरळ माइम निवडावं.

डायजेस्टला उत्तर देताना आणखी एक घोळ होतो. विषयाच्या जागी गठ्ठ्याचा क्रमांक राहतो, खाली अख्खा गठ्ठा चिकटतो, आणि आर्काइव्हला कळत नाही की हे उत्तर कोणत्या पत्राचं. गठ्ठ्याच्या डोक्यावर विषय बदलून उत्तर द्यायची सूचना असते. ती कोणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो.

“होस्टिंगचे पैसे भरतोय, म्हणजे मेल सुरक्षित”

पैसे भरतोय तोवर जागा भाड्याने मिळते, इतकंच. याहू ग्रुप्सवर किती मराठी मंडळींच्या, शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या, ट्रेकर्सच्या याद्या होत्या! ऑक्टोबर २०१९ मध्ये याहूने जाहीर केलं की १४ डिसेंबरनंतर साइटवरचा जुना मजकूर निघेल. आपल्या मजकुराची प्रत मागायची मुदत पुढे जानेवारी २०२० अखेरपर्यंत वाढली, आणि १५ डिसेंबर २०२० ला सगळं दुकानच बंद झालं. ज्यांनी प्रत उतरवून घेतली त्यांच्याकडे काही राहिलं. लहान होस्टिंगवाल्याकडे एवढी जाहीर मुदतही मिळेलच असं नाही. माझ्या एका जुन्या यादीचं नूतनीकरण मी आठवडाभर विसरलो. नाव नाही घेत, पण मी परत गेलो तेव्हा त्यांच्याकडे माझं काहीच उरलं नव्हतं.

म्हणून एमबॉक्स हा शब्द लक्षात ठेवावा. यादीवर आलेली प्रत्येक मेल जशीच्या तशी, जोडपत्रांसकट, एकामागे एक लिहिलेली असते ती ही फाइल. मेलमन २.१ मध्ये वेबवर दिसणारी आर्काइव्हची पानं याच फाइलीवरून तयार होतात. पानं गेली तरी एमबॉक्स असेल तर पुन्हा उभी करता येतात, दुसऱ्या सर्व्हरवर सुद्धा. आर्काइव्हच्या पानावर महिन्यामहिन्याची झिप केलेली मजकुराची फाइल दिसते, तिला पुष्कळजण बॅकअप समजतात. तिच्यात जोडपत्रं नसतात. एमबॉक्स मिळेल का आणि कुठून, हे होस्टिंग घेण्याआधी विचारावं. शिवाय ते मेलमनची कोणती आवृत्ती देतात हेही विचारावं. मेलमन ३ आलं २०१५ मध्ये. २.१ ही जुनी मालिका ज्या पायथन २ वर उभी आहे, त्याची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली, तरी ती अजून ठिकठिकाणी चालू आहे.

जागेची काळजी मात्र फुकटची. मजकुराच्या मेल चिमूटभर जागा घेतात. खरी मर्यादा असते ती तासाला किती मेल बाहेर सोडायच्या याची. पासष्ट जणांच्या यादीवर दहा पत्रं आली की सर्व्हरला साडेसहाशे मेल पाठवाव्या लागतात. निम्मी मंडळी डायजेस्टवर गेली की हा भार बराच उतरतो. डायजेस्टचा चालकाला होणारा हा फायदा कोणी सांगत नाही.

“खासगी आर्काइव्ह कोणाला दिसत नाही”

पासवर्ड असलेल्या प्रत्येक सदस्याला दिसतं. मेलमन २.१ मध्ये हे पासवर्ड साध्या अक्षरांत साठवलेले असतात, आणि दर महिन्याच्या एक तारखेला आठवण म्हणून मेलने धाडलेही जातात. आणि कुलूप सर्व्हरवरच्या प्रतीला असतं. पासष्ट जणांच्या इनबॉक्समधल्या पासष्ट प्रतींना नसतं. मूळ मांडणीत तर आर्काइव्ह सगळ्या जगाला खुलं असतं, खासगी आपण करायचं असतं. आधार कार्ड, बँकेचे तपशील यादीवर टाकायचेच नाहीत, हा मामांच्या यादीचा आता पहिला नियम आहे.

राहिला प्रश्न तीन महिन्यांचा. आर्काइव्ह आज चालू केलं म्हणून कालच्या मेल त्यात येत नाहीत. पण न्यू जर्सीतली माझी मामेबहीण सुट्या मेल घेत होती आणि तिने एकही पुसली नव्हती. तिच्याकडून तो फोल्डर एमबॉक्स रूपात मागवला, मधल्या दोन-चार मेल पुण्याच्या एकाच्या माइम गठ्ठ्यांतून सोडवून घेतल्या, आणि होस्टिंगच्या मदतकक्षाला सांगून सगळं आर्काइव्हमध्ये चढवलं. साध्या मजकुराचे गठ्ठे असते तर कोणतं पत्र कोणाचं उत्तर, हा धागा हाती लागला नसता.

पणजोबांचे भाऊ सापडले. मामा मात्र पुढे वाचत राहिले आणि यात्रेच्या हिशोबावरून त्यांनी धाकट्या काकांना लिहिलेल्या एका मेलपाशी थांबले.

“ही एवढी काढता येईल का रे?”

“येईल, मामा. पण एमबॉक्समधून अख्खी मेल उडवून पानं पुन्हा बांधली की तिच्या पुढच्या सगळ्या पत्रांचे क्रमांक सरकतात, आणि ज्यांनी कुठे दुवे देऊन ठेवलेत ते भलत्याच पत्रावर जातात. मजकूर पुसून नुसतं रिकामं पाकीट ठेवायचं. आणि काकांच्या इनबॉक्समध्ये ती राहणारच.”

मामांनी खाली सरकवून काकांचं उत्तर वाचलं, चष्मा काढला. “मग राहू दे. त्यानेही काही कमी लिहिलेलं नाही.”