शिट्टी कोणाची?

मुलांनो, फुटबॉलच्या सामन्यात एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला अकरा, असे बावीस खेळाडू असतात. हे तर पहिलीतले पोरही सांगेल. पण मैदानावर एक तेविसावाही धावत असतो. तो चेंडूला पाय लावत नाही, गोल करीत नाही, त्याच्या नावाने कोणी टाळ्या पिटत नाही. आणि गंमत पाहा, हरलेल्या संघाला घरी जाताना सगळ्यात जास्त आठवतो तो तोच! ओळखलेत ना? शिट्टीवाला. पंच, म्हणजेच रेफरी.

'पंचामुखी परमेश्वर' असे आपल्याकडे म्हणतात. पण ती म्हण गावच्या पाच जणांची. फुटबॉलचा पंच एकटाच, आणि त्याला दहा नव्हे, दोनच डोळे असतात. त्या दोन डोळ्यांनी त्याला बावीस जणांचे चव्वेचाळीस पाय पाहायचे असतात!

आमच्या आलापल्ली-अहेरीकडे धान निघाले की बांध्या मोकळ्या होतात. मग बांबू रोवायचे, चुना नसेल तर चुलीतल्या राखेने रेघा मारायच्या, की झाले मैदान. १५ सप्टेंबर २०१७ रोजी 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' या उपक्रमात राज्यातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असे ठरले होते, आणि त्यासाठी शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. चेंडू आला ते फारच छान झाले. पण चेंडूबरोबर नियम येत नाहीत ना! ते शिकावे लागतात. म्हणून मग खेळ सुरू होऊन दहा मिनिटे होत नाहीत तोच आरडाओरडा सुरू होतो. "सर, हात लागला जी!" "कुठं लागला? खांद्याले लागला!" "हा नेहमीच रडतो!" आणि शेवटी ज्याचा चेंडू असेल तो चेंडू काखेत मारून म्हणतो, "जा, मी नाही खेळत." सामना खतम.

आता हे हाताचेच पाहा. नियम असा आहे की, काखेच्या खालच्या टोकापर्यंतचा वरचा भाग हा खांदा, आणि त्याच्या खाली हात. खांद्याला चेंडू लागला तर तो गुन्हा नाही. हाताला लागला तरी दर वेळी शिट्टी वाजत नाही. मुद्दाम हात नेला, किंवा हात पसरून अंग उगीच मोठे केले, तर तो फाउल. (गोलरक्षकाची गोष्ट वेगळी. त्याला त्याच्या चौकोनात हात वापरता येतो.) हा एवढा नियम दोन्ही संघांना आधीच ठाऊक असेल, तर माझ्या हिशेबाने निम्मी भांडणे तिथेच मिटतात. उरलेली निम्मी मात्र नियमांमुळे होत नाहीत. ती का होतात, ते सांगण्यासाठी तुम्हांला थोडे मागे न्यावे लागेल.

इंग्लंडमध्ये फुटबॉलचे नियम प्रथम लिहिले गेले १८६३ साली. त्या नियमांत पंच नव्हताच! खेळणारी सगळी भली घरची माणसे, ती कशाला लबाडी करतील, अशी समजूत. वाद झालाच तर दोन्ही कप्तानांनी मिटवायचा. पुढे स्पर्धा आल्या, करंडक आले, आणि भल्या माणसांची भाषा बदलू लागली. तेव्हा प्रत्येक संघाने आपापला एक पंच आणायचा, अशी पद्धत पडली. आता तुम्हीच सांगा, आपण आणलेला माणूस आपल्या विरुद्ध कसा बोलेल? दोघांचे जमेना. म्हणून मैदानाबाहेर एक तिसरा माणूस बसवला. दोघांचे एकमत झाले नाही, तर त्याच्याकडे विचारायला जायचे. इंग्रजीत ज्याच्याकडे प्रश्न सोपवायचा तो 'रेफरी'. शेवटी १८९१ साली त्या तिसऱ्याच्याच हाती सगळी सत्ता देऊन त्याला मैदानात उतरवले, आणि दोन्ही बाजूंच्या पंचांना झेंडे देऊन रेषेवर उभे केले.

ही १८९१ सालची गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. कारण आपल्या केंद्राच्या सामन्यांत आपण कधीकधी अजून त्याच्याही मागे असतो! टोल्यावरची शाळा दोन शिक्षकी. एक सर मुले घेऊन सामन्याला येतात, दुसरे शाळा सांभाळतात. मग पंच कोण? आलेल्या सरांपैकीच कोणीतरी. म्हणजे शिट्टी ज्यांच्या तोंडात, त्यांचीच शाळा मैदानात. सर कितीही सरळ असोत, समोरच्या पोरांच्या मनात शंका येतेच. आणि सरांच्या मनातही येते! आपल्या शाळेला झुकते माप नको, म्हणून काही सर आपल्याच पोरांवर जास्त कडक होतात. तोही अन्यायच की. यावर उपाय अवघड नाही. ज्या दोन शाळा खेळताहेत, त्यांतली शिट्टी नको. तिसऱ्या शाळेचे सर, तिसऱ्या शाळेच्या मॅडम, नाहीतर तिसऱ्या शाळेची आठवीतली मुलगी. होय, मुलगीसुद्धा. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

त्याआधी पिवळ्या आणि लाल कार्डाची गोष्ट. ती मला फार आवडते, कारण तिचा नायक माझ्याच धंद्यातला आहे. केन ॲस्टन हे लंडनजवळच्या इलफर्ड भागातल्या न्यूबरी पार्क शाळेचे मुख्याध्यापक. प्राथमिक शाळेचे मास्तर! १९६२ साली चिलीतल्या विश्वचषकात चिली विरुद्ध इटली या सामन्याचे ते पंच होते. तो सामना कसला, ती मारामारीच झाली. दोघांना बाहेर काढावे लागले, पोलिसांना मैदानात यावे लागले. १९६६ साली इंग्लंडमधल्या विश्वचषकात पंचांची व्यवस्था ॲस्टन यांच्याकडे होती. तेव्हा इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात जर्मन पंचांनी अर्जेंटिनाच्या कप्तानाला, रॅटिनला, बाहेर जायला सांगितले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते, रॅटिनला जर्मन येत नव्हते. तो जागचा हलेना! बराच वेळ खेळ खोळंबला. घरी जाताना गाडी चालवत असताना ॲस्टन यांना रस्त्यातला सिग्नल दिसला. पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे थांबा. त्याला कुठे भाषा लागते? त्यातून निघाली कार्डे. १९७० च्या मेक्सिकोतल्या विश्वचषकात ती पहिल्यांदा वापरली. त्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही दाखवावे लागले नाही. विश्वचषकातले पहिले लाल कार्ड निघाले ते १९७४ साली, चिलीच्या कार्लोस कासेलीसाठी.

माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी सिग्नल फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला आहे. कार्डाचा अर्थ मात्र त्यांना पहिल्याच दिवशी कळला. आमच्याकडे कोणी माडिया बोलते, कोणी गोंडी, कोणी तेलुगू, कोणी मराठी. चिडलेल्या मुलाला चार भाषांत समजावण्यापेक्षा पुठ्ठ्याचा पिवळा तुकडा बरा!

पण कार्ड दाखवायला आधी चूक दिसली पाहिजे. २२ जून १९८६ ची गोष्ट. पुन्हा इंग्लंड आणि अर्जेंटिनाच. मॅराडोनाने उडी मारली आणि डोक्याऐवजी डाव्या हाताने चेंडू जाळ्यात ढकलला. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासेर यांना हात दिसला नाही. त्यांनी रेषेवरच्या पंचाकडे पाहिले, त्याचा झेंडा खालीच. गोल दिला गेला. सामना अर्जेंटिनाने २-१ ने जिंकला. मॅराडोनाला ठाऊक होते, हात लागला होता. तो बोलला नाही.

दुसरा खेळाडू बोलला. जर्मनीचा मिरोस्लाव क्लोजे. २६ सप्टेंबर २०१२ रोजी इटलीत तो लाझिओ संघाकडून नापोलीविरुद्ध खेळत होता. चेंडू त्याच्या हाताला लागून गोल झाला. पंचांनी गोल मान्य केला. क्लोजे त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, हात लागला होता. गोल रद्द झाला. नापोलीच्या खेळाडूंनी येऊन त्याचा हात हातात घेतला. आणि निकाल? लाझिओ ३-० ने हरले! खरे बोलल्यावर विजय मिळतो, असे काही झाले नाही. वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मग काय फायदा झाला सर?" प्रश्न चांगला आहे. मी उत्तर दिले नाही. तुम्हीही घरी या प्रश्नावर भांडा.

आता थोडे पालकांशी बोलतो. पालकहो, मैदानातली उरलेली निम्मी भांडणे रेषेच्या आत सुरू होत नाहीत, रेषेच्या बाहेर होतात. पोराला लागले की पोरगा उठतो, माती झटकतो, पळू लागतो. बाहेर उभा असलेला मामा मात्र ओरडतो, "पंच, आंधळा आहेस काय!" ते ऐकल्यावर पोरगाही पंचाकडे डोळे वटारून पाहतो. आम्ही शिक्षकही काही धुतल्या तांदळाचे नाही. आपली शाळा हरू लागली की रेषेवरून हातवारे करणारे गुरुजी मी पाहिलेले आहेत.

हे कुठवर जाऊ शकते, ते सांगायला जीव कचरतो, पण सांगतो. २ डिसेंबर २०१२ रोजी नेदरलँड्समधल्या अल्मेरे या गावी मुलांचा एक साधा सामना होता. रेषेवर झेंडा घेऊन उभे होते ते एका खेळाडूचे वडील. पगारी पंच नव्हेत, मुलांच्या हौसेखातर उभे राहिलेले. सामना संपल्यावर विरुद्ध संघातल्या मुलांनी त्यांना लाथाबुक्क्यांनी मारले. दुसऱ्या दिवशी ते वारले. पुढच्या शनिवार-रविवारी त्या देशातले सगळे हौशी सामने बंद ठेवले गेले. २०१३ साली न्यायालयाने सहा मुलांना दोषी ठरवले, आणि त्यांच्याबरोबर एका मुलाच्या वडिलांनाही. मुलांची वये पंधरा-सोळाच्या आसपास होती. म्हणजे आपल्या नववी-दहावीतली.

मुलांनो, घाबरू नका. असे रोज घडत नाही. पण नियम करणाऱ्या मंडळींनी अशा गोष्टींवर विचार केला आहे, आणि त्यातले दोन उपाय आपल्या बांधीतल्या मैदानावरही चालतात. पहिला : पंचाशी फक्त कप्तानाने बोलायचे. बाकीच्यांनी त्याच्याभोवती कोंडाळे करायचे नाही. मोठ्यांच्या सामन्यांसाठीही २०२४ पासून अशी पद्धत सुचवलेली आहे. आमच्या शाळेत ती सुरू केल्यावर कप्तान कोण व्हावा याचा विचारच बदलला. आधी सगळ्यात जोरात लाथ मारणारा कप्तान व्हायचा, आता शांत बोलणारा शोधावा लागतो!

दुसरा उपाय मला जास्त पटतो. लहान मुलांच्या सामन्यात उलट बोलणाऱ्याला कायमचे बाहेर न काढता थोडा वेळ बाहेर बसवता येते. किती वेळ? सामन्याच्या वेळेच्या १० ते १५ टक्के. चला, गणित करा. सामना ४० मिनिटांचा असेल, तर किती? ४ ते ६ मिनिटे. तेवढा वेळ त्याचा संघ एकाने कमी खेळतो. राग उतरतो, पाणी पिऊन होते, आणि पोरगा परत येतो. लाल कार्डाने पोरगा घरी जातो आणि कधीकधी परत मैदानावर येतच नाही. दूरच्या टोल्यावरून दोन तास चालत आलेल्या मुलाला सामन्याच्या पाचव्या मिनिटाला घरी पाठवणे मला तरी जमत नाही.

नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांची गोष्ट तुम्ही २०२२ च्या 'झुंड' सिनेमामुळे ऐकली असेल. पावसात मोडकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहून त्यांनी २००१ साली 'स्लम सॉकर' सुरू केले. त्या मुलांना लोक आधीच 'वाया गेलेली' म्हणत होते. त्यांनाही बारसे सरांनी खेळात घेतले, बाहेर काढले नाही.

आता त्या आठवीतल्या मुलीकडे येतो. गोव्याच्या युवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात सहायक पंच होत्या. २०१७ साली आपल्या देशात मुलांचा तसाच विश्वचषक झाला. तेव्हा कोलकात्यातल्या जपान-न्यू कॅलेडोनिया सामन्याची शिट्टी होती स्वित्झर्लंडच्या एस्टर स्टाउब्ली यांच्याकडे. मुलांच्या विश्वचषकातल्या त्या पहिल्या महिला पंच. आणि १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये मोठ्या पुरुषांच्या विश्वचषकात जर्मनी-कोस्टा रिका सामना फ्रान्सच्या स्तेफानी फ्रापार यांनी चालवला. त्यांच्या दोन्ही सहायकही स्त्रियाच होत्या.

तुमच्या शाळेत शिट्टी आळीपाळीने द्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास खेळ, आणि दर वेळी नवा पंच. जो मुलगा पंचाशी सगळ्यात जास्त भांडतो, त्याला पहिली पाळी द्या. चेंडूपासून दहा-पंधरा पावलांवर राहायचे, शिट्टी जोरात वाजवायची, हात उंच करून दिशा दाखवायची, आणि एकदा दिलेला निर्णय मोठ्याने ओरडणाऱ्यासाठी फिरवायचा नाही. खिशात काय हवे? शिट्टी, घड्याळ, पेन्सिल, छोटी वही, पिवळा आणि लाल पुठ्ठा. शिट्टी दुसऱ्याला देण्याआधी धुऊन घ्या. आणि नाणेफेकीसाठी एक नाणे. ते मात्र घरून आणा. आमच्या शाळेच्या खडूच्या डब्यातले दर शनिवारी गायब होते.